फॉर्च्युनर की जीएलसी? गाडी वावरापर्यंत नेणाऱ्यांनी कशी निवडावी

पन्नास लाखांच्या आसपास खर्चायची तयारी झाली की गावाकडे चर्चा फिरून फिरून दोन गाड्यांवर येते. एक नवीकोरी टोयोटा फॉर्च्युनर, दुसरी तीन-चार वर्षं वापरलेली मर्सिडीज जीएलसी. नवी जीएलसी या हिशेबात बसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिची दुसरी पिढी आली तेव्हाच एक्स-शोरूम किंमत ७३.५ लाखांपासून सुरू होत होती. म्हणून इथे जीएलसी म्हणजे त्याआधीची, डिसेंबर २०१९ नंतरची २२०डी डिझेल. फॉर्च्युनर म्हणजे २०२१ नंतरची २.८ लिटर डिझेल. फॉर्च्युनरचं २.७ लिटर पेट्रोल इंजिन १६६ पीएसचं आणि फक्त २४५ एनएम टॉर्कचं (ओढीचं) आहे. एवढ्या जड गाडीला ते पुरत नाही, त्यामुळे त्याचा विचार इथे केलेला नाही.

दोन्ही गाड्यांची हाडंच वेगळी. फॉर्च्युनर ट्रकसारखी चासीवर बसवलेली, मागे अखंड आडवा एक्सल. जीएलसीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच, चारही चाकं आपापली हलणारी. पुढचा जवळजवळ प्रत्येक फरक यातून येतो.

आधी टेप घेऊन पांदणीवर जा

शोरूमला नंतर. आधी पोलादी टेप घेऊन आपल्या वावराच्या पांदणीवर जा. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीच्या तळापासून मधल्या उंचवट्याच्या माथ्यापर्यंत उंची मोजा. एकाच जागी नको, सगळ्यात वाईट तीन-चार जागी मोजा. १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर दोन्ही गाड्या सावकाश निघतात. १५ ते २० मध्ये फॉर्च्युनर निघते, जीएलसी पाच माणसं बसल्यावर घासते. त्याच्यावर असेल तर आधी पांदणीवर मुरूम टाका, गाडीचं मग बघू.

घासण्यातही फरक आहे. फॉर्च्युनरचा सगळ्यात खालचा भाग मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा. तो लोखंडी आहे, उंचवट्यावर घासला तर माती खरवडून पुढे जातो. जीएलसीच्या पोटाला पुढून मागपर्यंत पातळ आच्छादनं असतात, प्लास्टिकच्या क्लिपांवर बसवलेली. उंचवट्यावर चढली की ती मातीत अडकतात, दोन क्लिपा तुटतात आणि महामार्गावर ऐंशीच्या पुढे खालून फडफड ऐकू येते. मग ते तारेने बांधलं जातं, आणि पुढच्या पांदणीत सगळंच निघून येतं.

फाटकही मोजा. फॉर्च्युनर मोठी दिसते, पण रुंदी १,८५५ मिलिमीटर. जीएलसी १,८९० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर जास्तच. ही मापं आरसे सोडून आहेत. जुन्या वाड्याचा दरवाजा २.२ मीटरपेक्षा अरुंद असेल तर रोज आरसे मिटून आत घ्यावी लागेल, ही गोष्ट गाडी घरी आल्यावर कळू नये.

काळी माती आणि फोर बाय फोर

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. फॉर्च्युनर म्हणजे कुठेही जाणारी गाडी अशी समजूत आहे. पण रस्त्यावर दिसणाऱ्या फॉर्च्युनरांपैकी बऱ्याच फोर बाय टू असतात. त्यांची फक्त मागची चाकं ओढतात, आणि इंजिनाचं वजन पुढे असतं. जुलैतल्या भिजलेल्या काळ्या मातीत ही गाडी बोलेरोपेक्षा शहाणी नाही, फक्त जड आहे.

काळी माती भिजली की टायरच्या नक्षीत कणकेसारखी भरते. चाकाचे दोन-तीन फेरे झाले की नक्षी बुजते आणि टायर गुळगुळीत होतो. त्यानंतर एक्सलेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा खणतं. फोर बाय फोरमध्येही रोड टायर असतील तर हेच होतं, फक्त पन्नास मीटर पुढे. म्हणून पावसाळ्यात वावरात जायचंच असेल तर फॉर्च्युनर फोर बाय फोर आणि तिला ऑल-टेरेन टायर, असा जोडीने हिशेब करा.

नव्या माणसाने फोर बाय फोर फॉर्च्युनरचं ताकद बदलायचं गोल बटण नीट समजून घ्यावं. एच२ रोजच्या डांबरी रस्त्यासाठी. एच४ ओल्या, सैल, मुरमाच्या रस्त्यासाठी. कोरड्या डांबरावर एच४ ठेवून वळणं घेतली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, स्टीअरिंग अडखळतं आणि ट्रान्स्फर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. एल४ म्हणजे चारही चाकं आणि लो गिअर, खोल चिखलासाठी; ते लावताना गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलला घ्या, मगच बटण फिरवा. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) एल४ मध्ये, चिखलात, सरळ रेषेत आणि अगदी हळू. बाहेर निघाल्याबरोबर काढा. फसल्यावर डिफ लॉक शोधत बसण्यापेक्षा चिखल सुरू व्हायच्या आधी दहा पावलांवर एल४ लावलेला बरा.

जीएलसी २२०डीची फोरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजची चारही चाकं ओढणारी पद्धत, कायम चालू असते. ताकद पुढे ४५ आणि मागे ५५ टक्के वाटली जाते, चालकाला काही करावं लागत नाही. पावसात निसरड्या डांबरावर, चिखलदऱ्याच्या घाटात ही पद्धत जास्त विश्वासाची आहे. पण लो गिअर नाही. चाक घसरलं की गाडी त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे पाठवते. खोल चिखलात दहा मिनिटं हे चाललं की ब्रेक तापतात.

फसल्यावर ट्रॅक्टर येणारच. फॉर्च्युनरला चासीवर पक्की जागा आहे, तिथे पट्टा बांधा. जीएलसीचा टोचन हूक डिकीतल्या हत्यारांत सुटा असतो. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आट्यांनी पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि सरळ, सावकाश ओढायचं. झटका द्यायचा नाही. लोक घाईत साखळी खालच्या सस्पेंशनच्या दांडीला बांधतात. गाडी निघते, पण नंतर सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि टायर आतून झिजतात.

टायर: इथे घाई नको

फोर बाय फोर फॉर्च्युनरचा टायर २६५/६० आर१८, जीएलसीचा २३५/५५ आर१९. आकड्यांचा अर्थ असा की फॉर्च्युनरमध्ये रिम आणि जमीन यांच्यामध्ये सुमारे १५९ मिलिमीटर रबर आहे, जीएलसीत सुमारे १२९. हे तीन सेंटिमीटर खड्ड्यात रिम वाचवतात.

आणि खुंटं. पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटण्याऐवजी कापली की जमिनीवर तिरपी, भाल्यासारखी टोकं राहतात. तुरीचं तसंच. वावरात गाडी वळवताना ही टोकं टायरच्या मधल्या नक्षीत नाही, बाजूच्या गालात शिरतात. नक्षीतलं पंक्चर निघतं, गालातलं निघत नाही, टायर फेकावाच लागतो. १८ इंची टायर जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळतो. १९ इंचीसाठी नागपूरला फोन करून एक-दोन दिवस थांबण्याची तयारी ठेवा. फोरमॅटिकमध्ये एकाच चाकाला नवा आणि बाकी तीन झिजलेले असं चालवू नये, निदान एका एक्सलवरचे दोन्ही एकदम बदला.

फॉर्च्युनरची स्टेपनी पूर्ण मापाची, मागे पोटाखाली लटकवलेली. वापरलेली जीएलसी बघताना डिकी उघडून स्टेपनी आहे का आणि कोणत्या मापाची आहे ते डोळ्यांनी बघा. बारीक स्टेपनीवर ८० च्या वर जाता येत नाही. मेहकर ते नागपूर त्या चालीने आलात की कळेल.

आता ऊन. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे. ७०१ किलोमीटरचा, जवळजवळ सरळ, कारला १२० ची मर्यादा. तापलेल्या काँक्रीटवर तासभर एकाच वेगाने धावताना कमी हवेचा टायर आतून शिजतो, कारण त्याचा गाल दर फेऱ्याला जास्त दबतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या किंवा डिझेलच्या झाकणाआतल्या स्टिकरप्रमाणे भरा. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवरचा भारासाठीचा आकडा घ्या. दुपारी आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका, तो वाढणारच. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देणं ही ज्याची त्याची हौस. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायरच्या गालावर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. वापरलेल्या गाडीत नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर समृद्धीवर नेऊ नका.

डिझेल, ॲडब्लू आणि खताचं पोतं

फॉर्च्युनर ऑटोमॅटिक: २०४ पीएस, ५०० एनएम, टाकी ८० लिटर. मॅन्युअलमध्ये टॉर्क ४२० एनएम. जीएलसी २२०डी: १९४ अश्वशक्ती, ४०० एनएम, नऊ गिअरची ऑटोमॅटिक. कागदावर फॉर्च्युनर पुढे, रस्त्यावर जीएलसी, कारण ती बरीच हलकी आणि बुटकी आहे. ओव्हरटेक, ब्रेक आणि वळण या तिन्हींत जीएलसी सरस आहे, यावर वाद नको. फॉर्च्युनर तुटक्या डांबरावर मागे बसलेल्यांना हलवते. चासी आणि अखंड एक्सल म्हटल्यावर ते आलंच.

दोन्ही बीएस६ डिझेल. धुराड्यात काजळी पकडणारा डीपीएफ असतो. गाव ते वावर, वावर ते बाजार अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो भरत जातो. आठवड्यातून एकदा तरी २०-२५ मिनिटं ६०-८० च्या स्थिर वेगाने सलग चालवा, म्हणजे काजळी आतच जळते. दिवा लागल्यावरही अशी फेरी मारली तर बहुतेक वेळा निभावतं. दुर्लक्ष केलं तर वर्कशॉप गाठावं लागतं. आठवडाभर गावातच फिरणारी गाडी हवी असेल तर दोन्ही डिझेल चुकीच्या आहेत.

ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल या गाड्यांत ओतू नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये रात्री दमट हवेचं पाणी धरतं, तळाला गाळ बसतो. ट्रॅक्टरचा जुना पंप ते पचवतो. या गाड्यांच्या कॉमन रेल (जास्त दाबाच्या) इंजिनातल्या इंजेक्टरची भोकं केसाएवढी असतात, त्यांना ते पचत नाही.

जीएलसी २२०डीला धूर साफ करायला ॲडब्लू हे द्रव लागतं. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. इथे एक जुगाड सुचवला जातो: घरी युरियाचं पोतं आहेच, पाण्यात घोळवा आणि ओता. हे अजिबात करू नका. २०१५ पासून शेतीचा युरिया निमतेलाचं लेपण केलेला येतो. ते तेल आणि खतातली अशुद्धी धूर साफ करणाऱ्या एससीआर यंत्रणेचा कॅटॅलिस्ट खराब करते, आणि तो भाग या गाडीतल्या महागड्या भागांपैकी आहे. सीलबंद कॅन आणा, सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेला वापरू नका, उष्णतेने तो बिघडतो. पडद्यावर ‘इतके किलोमीटर शिल्लक’ अशी उलटी मोजणी सुरू झाली की ती धमकी नसते. शून्यावर गाडी बंद केली तर परत सुरू होत नाही.

माणसं किती, आणि कोण

फॉर्च्युनर सात जणांची. तिसरी रांग बाजूला मिटून वर अडकवायची असते, त्यामुळे मिटली तरी डिकीची रुंदी खाते. मोठ्या माणसाचे गुडघे तिथे छातीशी येतात, पण लग्नसराईत पोरं मावतात. जीएलसी पाच जणांची, आणि खरं तर चौघांची, कारण मधल्या जागेखाली बोगद्याचा उंचवटा आहे. उंचीचा मुद्दा लोक विसरतात. नऊवारीतल्या आजीला फॉर्च्युनरमध्ये चढताना एक हात दांडीला आणि एक नातवाच्या खांद्यावर लागतो. जीएलसीत त्या खुर्चीवर बसावं तशा बसतात. त्यांना टेस्ट ड्राइव्हला घेऊनच जा. घरात सात माणसं असतील तर मात्र हा लेख इथेच संपला, फॉर्च्युनर घ्या.

वर्कशॉप किती लांब?

टोयोटाची वर्कशॉप नागपूरशिवाय अमरावती, अकोला अशा शहरांतही आहेत. मर्सिडीजसाठी यवतमाळ, वणी, गडचिरोलीकडच्यांनी नागपूर धरावं; बुलढाण्याला छत्रपती संभाजीनगर जवळ पडतं. नागपूर दीडशे किलोमीटर असेल तर सर्व्हिसचा एक अख्खा दिवस आणि बिघाडाचा टोचन ट्रक, दोन्ही मोजा. रस्त्यातल्या मदतीच्या योजनेत फ्लॅटबेड किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे ते लेखी घ्या. फोरमॅटिक गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नसते, त्यामुळे साधी क्रेन चालत नाही, फ्लॅटबेडच लागतो.

रात्रीचा रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं तर बंपर, जाळी, रेडिएटर, कधी पुढचे सेन्सर जातात. जीएलसीत त्याची दुरुस्ती नागपुरातच. विमा घेताना झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन घ्या. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालूच नका. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असताना मारलेला एक स्टार्टर कनेक्टिंग रॉड वाकवतो, आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा बसत नाही. कापूस घरात साठवला की उंदीर येतातच आणि गरम बॉनेटखाली वायरिंग कुरतडतात. गाडी कापसाच्या खोलीपासून लांब उभी करा, रात्री बॉनेट उघडं ठेवा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एसीचा फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यातच बदलावा लागतो.

वापरलेली जीएलसी तपासताना

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी पुरात बुडालेली असेल तर टोकाजवळ मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. डिकीच्या तळाचं कार्पेट उचलून वास घ्या. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांतून बाटलीभर पाणी हळू सोडा. धूळ आणि कडूनिंबाच्या फुलोऱ्याने नळ्या बुजल्या असतील तर पाणी पायाशी उतरतं. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढा आणि त्यांच्याच यंत्रावर स्कॅन करून घ्या. विकणारा यासाठी गाडी द्यायला तयार नसेल तर तिथून उठा.

सरकारी ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीत कर्जाचा बोजा आणि चलन बघा. बोजा असेल तर बँकेचं फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८. पुण्याची (एमएच-१२) गाडी यवतमाळला (एमएच-२९) आणताना कर परत लागत नाही, परराज्यातली आणली तर लागतो. घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करा.

पैशांचा कागद

नव्या फॉर्च्युनरचं कोटेशन ओळ ओळ वाचा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर २० टक्के. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच शोरूमने वसूल केलेला आयकर. ४० लाखांच्या गाडीवर रोड टॅक्स ६ लाख आणि टीसीएस ४०,०००. हे ४०,००० परत मिळतात, पण आयकराचं रिटर्न भरलं तरच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न न भरणारे बरेच जण ही रक्कम सोडून देतात. कापसाचे रोख पैसे थेट शोरूमला नेऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख विक्रेत्याला घेताच येत नाही. आधी बँकेत भरा. हप्ता सहामाही बसवता येतो का ते बँकेला विचारा, कारण सोयाबीन आणि तुरीचा पैसा महिन्याला येत नाही. परत विकताना फॉर्च्युनर भाव धरून ठेवते. जीएलसीची सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, पण पुढचा गिऱ्हाईक गावात मिळणार नाही, तिथेही नागपूरच.

मग कोणती?

पावसाळ्यात स्वतः पांदण ओलांडावी लागते, किंवा घरात सात माणसं आहेत: फॉर्च्युनर, आणि पांदणीसाठी फोर बाय फोरच. घरापर्यंत डांबर आहे, वावरात जायला मोटरसायकल आहे, आणि आठवड्याला नागपूर-अमरावती होतं: जीएलसी. डांबरावरच चालवायची असून फक्त रुबाबासाठी फॉर्च्युनर फोर बाय टू घेणारे सगळ्यात जास्त दिसतात. त्यांना जीएलसी आवडली असती, पण वर्कशॉपच्या अंतराची धास्ती असते. वर्कशॉप शंभर किलोमीटरच्या आत असेल तर ती धास्ती सोडा.

ठरवण्याआधी दोन्ही गाड्या आपल्याच रस्त्यावर, घरची माणसं बसवून चालवा. नागपूरच्या वर्धा रोडवरची दहा मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. एक ब्रेकर २० च्या वेगाने, तुटकं डांबर ५० ने, आणि दिवस मावळल्यावर हेडलाइट. चालवणाऱ्याने अर्धा तास मागच्या सीटवर बसावं.

ताबा घेताना स्टेपनीतली हवा, जॅक, पाना आणि दोन्ही चाव्या बघा. जीएलसी असेल तर टोचन हूक हत्यारांतून काढून तिथेच एकदा हाताने बंपरमध्ये फिरवून बघा. जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा गायब असतो.